परखीबापू आणि कडू चॉकलेट

मुलगी पाहायला गेलो तेव्हा, स्वतः कधी जिभेवरही न ठेवलेली वस्तू मी भावी सासऱ्यांच्या हातात दिली आणि वर म्हणालो, "खूप गोड आहे, बापू."

दुसऱ्या कुणाच्या हातात दिली असती तर वाचलो असतो. लोक भेटवस्तू घेतात, 'कशाला उगाच' म्हणतात आणि आत पाठवून देतात. पण समोर परखीबापू होते.

आंधळगावात त्यांचा धानाचा व्यापार होता. खरं नाव वेगळं. पण गावाने ते कधीच सोडून दिलं होतं. परखी म्हणजे धानाच्या पोत्यात खुपसायची लोखंडी नळी, एका टोकाला अणकुचीदार, मधून पोकळ. पोत्याचं तोंड न उघडता ती आत घातली की पोटातला दाणा घरंगळत तळहातावर येतो. इतरांच्या सदऱ्याच्या खिशाला पेन असे, बापूंच्या खिशाला परखी. लग्नाला जातानाही. "वरचा दाणा पाहुण्यावानी राहते," ते म्हणत, "आंग धुऊन, टोपी घालून बसला असते. पोटात काय हाय ते पाहा."

हा संशय रागातून आलेला नव्हता. त्यांचा कुणावर रागच नव्हता, फक्त विश्वास नव्हता. भंडाऱ्याची बस लागली की ते आधी पाटी वाचत, मग कंडक्टरला विचारत, मग ड्रायव्हरला, आणि आत चढल्यावर पहिल्या सीटवरच्या बाईला. "बाई, तुमी कुठं चालल्या?" "भंडाऱ्याले." "नक्की?" एकदा एक बाई या 'नक्की'ने इतकी हादरली की स्वतः खाली उतरून पाटी पाहून आली.

हॉटेलातला चहा ते आधी हुंगत. पहिला घोट घेऊन थांबत. पोटाचं काय म्हणणं आहे ते ऐकून दुसरा. घरीही तेच. माझ्या सासूबाई, ज्यांना सगळं गाव माय म्हणे, हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगत: "आमच्या लग्नात अंतरपाट खाली आला, त हार घालाच्या आंधी माह्या बापाले विचारते, दाखवली होती ते हेच ना?" बापूंना याची लाज अजिबात नव्हती. ते म्हणत, "मंग? हिची धाकटी बहीणबी मांडवात होती. तशीच दिसे."

कच्चा तांदूळ दाताखाली घेऊन तो कोणत्या तलावाच्या पाण्यावरचा, नवा की जुना, हे ते सांगत. बरोबर निघालं तर आठवडाभर गावाला ऐकवत. चूक निघालं तर म्हणत, "दाणा फितूर झाला." बापू चुकले असं आंधळगावात कधी झालं नाही, दाणे मात्र बरेच फितूर होत.

आणि नमुना. ही त्यांच्या धंद्यातली रीत नीट सांगतो, कारण मी पुढे तिच्यातच अडकलो. सौदा बोलताना विकणाऱ्याच्या धानातली एक मूठ ते पुरचुंडीत बांधून ठेवत. माल घरी यायचा, मापला जायचा, नमुन्याशी ताडून पाहिला जायचा. जुळला, की पुरचुंडी सोडून अंगणात कोंबड्यांपुढे फेकायची आणि सौदा मिटला म्हणायचं. जुळेपर्यंत नमुना हलायचा नाही. मग पावसाळा जावो नाहीतर हिवाळा.

आता चॉकलेटची गोष्ट. मी तेव्हा नदीपलीकडे करडीला मास्तर होतो. सत्तरच्या दशकातली वर्षं. आमच्याकडे चॉकलेट म्हणजे दुकानातल्या बरणीतली नारंगी गोळी. अंगावर रंगीत कागद असला तर चॉकलेट, नसला तर गोळी. दोन्ही गोडच. माझा एक आतेभाऊ जहाजावर नोकरीला होता. तो सुट्टीत आला तेव्हा पाटीएवढ्या नाही, पण पाटीच्या निम्म्या अशा दोन वड्या घेऊन आला. सोनेरी वर्ख, त्यावर हिरव्या पानाचं चित्र असलेला कागद, आणि अक्षरं अशी की आमच्या हेडमास्तरांनी चष्मा बदलूनही लागली नाहीत. आतेभाऊ म्हणाला, "हे लेकरांचं खाणं नाही. थोडं थोडं खायचं." मला वाटलं, महाग आहे म्हणून म्हणतो. एक वडी आईने ठेवून घेतली. दुसरी मी पेटीत जपली. पुढच्याच महिन्यात आंधळगावला मुलगी पाहायला जायचं होतं. स्थळ मोठ्या बाबूजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी आणलं होतं.

बापूंच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, आम्ही बसलो. मी वडी काढून दिली. बापूंनी ती हलवली, कानाशी नेली, मग हुंगली.

"काय म्हणते ह्याले?"

"चॉकलेट. बाहेरच्या देशातलं."

"इतकं मोठं? आन काळं?" त्यांनी वर्ख उलगडला. "दवाखान्याचा वास येऊन राहिला."

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "खूप गोड आहे, बापू."

बापूंनी कडेचा तुकडा घेतला नाही. वडी मधोमध मोडली. कडकन आवाज झाला. "वाळलं त बरं दिसते," ते म्हणाले आणि मधला कण तोंडात टाकला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. पण चव घेताना बापूंचा चेहरा बंद दुकानासारखा असे.

"मास्तर, हे तुमी खाता?"

"नेहमीच." पहिल्या खोट्यामागे दुसरं असं धावत आलं, जसं गाईमागे वासरू.

"मंग घ्या."

मी चांगला मोठा तुकडा घेतला, कारण नेहमी खाणारा माणूस मोठाच घेईल. आणि कचकन चावला. कडुनिंबाची काडी चुलीच्या काजळीत घोळून चघळावी तसं झालं. थुंकावं तर समोर सासरा, गिळावं तर घसा तयार नाही. डोळ्यांतून पाणी आलं. नेमक्या त्याच वेळी प्रमिला पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. लग्नाच्या मुलीने नवऱ्या मुलाचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते असं.

"गोड हाय ना?" बापूंनी विचारलं.

"खूप."

मोठ्या बाबूजींना राहवलं नाही. त्यांनीही एक तुकडा उचलला. "अरे थू! हे त कारलं हाय!"

प्रमिला बशा खाली ठेवताना हसली. पदर तोंडावर नेला तरी खांदे हलत होते. मी मुलगी अशी नीट पाहिलीच नाही. डोळ्यांत पाणी होतं. पण ते हलणारे खांदे पाहिले आणि तिथेच ठरवलं की हीच. बापूंनी मात्र उरलेली वडी वर्खात गुंडाळली, खिशातल्या परखीशेजारी ठेवली आणि म्हणाले, "नमुना राहू द्या. कळवतो."

परतताना नदीपर्यंत बैलगाडी होती; तिच्यात मोठ्या बाबूजींनी दोनदा चूळ भरली. मग म्हणाले, "पोरगी चांगली होती. तू काय होता?"

निरोप येईना. तुमसरचं एक स्थळ प्रमिलेसाठी रांगेत उभं आहे, असं कानावर आलं. मुलगा कचेरीत होता, आणि त्याने म्हणे नुसते पेढे नेले होते. मी म्हटलं, निदान त्या वस्तूची चव तरी शिकून घ्यावी. पुढे विचारलं तर सांगता येईल. आईकडे दुसरी वडी मागितली. आईने ती चुनी-भुशात कालवून गाईला घातली होती. गाईनेही तोंड फिरवलं, असं आईने वर सांगितलं.

मग माझ्या लक्षात आलं की करडीत माझ्या पोटात परखी चालू आहे. पानवाल्याकडे कुणी तरी विचारून गेलं, मास्तर पान कोणतं खाते. न्हाव्याला विचारलं, दाढी करताना बडबडते का. कोण विचारतंय हे कुणी सांगेना. मला जो तो बापूंचा माणूस वाटू लागला. एका अनोळखी इसमाने वेळ विचारली, तर मी त्याला म्हणालो, "साडेदहा. पण घड्याळ थोडं मागे आहे. खोटं कशाला सांगू?" तो दोन पावलं मागे सरकून मग निघून गेला. शाळेत एक म्हातारा तासभर कुंपणाशी बसला होता. त्याच्यासाठी मी पाढे इतक्या सचोटीने शिकवले की पोरं घाबरली. तो हरवलेली शेळी शोधत होता.

खरी बातमी डोंगेवाल्याने दिली. नदी उतरायला आम्ही त्याच्याच डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, बसायचो.

"मास्तर, आंधळगावचे बापू येऊन गेले. तुमचं विचारून राहिले होते."

"काय विचारलं?"

"का मास्तर डोंग्यात कसा बसते."

"मग?"

"म्हनलं, मधात बसते. दोन्ही हातानं धरून. भेते."

"अरे, भेतो कशाला सांगितलंस!"

"भेता नाही का जी? आताबी धरूनच बसले." त्याने वल्हं मारलं. "बापू म्हनले, बरं हाय."

यात बरं काय होतं ते मला कळलं नाही. नंतर काही दिवसांनी त्याच डोंगेवाल्याबरोबर निरोप आला: ऊन चढायच्या आत या, एकटेच या. एकटेच का? मोठ्या बाबूजींसमोर नकार द्यायला नको म्हणून, असा मी अर्थ काढला. अंधार असतानाच सायकल काढली. नदीत डोंगा डुलला तेव्हा आज पहिल्यांदा मला भीती वाटली नाही. बुडालो तर निदान नकार ऐकावा लागणार नाही.

बापू सपरीत बसले होते. पुढ्यात पितळी ताटली, ताटलीत ओल्या वाळूचे कण लागलेली एक पत्र्याची डबी. डबी ते रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवत. "ऊन चढलं का ह्याचा चिखल होते," ते म्हणाले. "म्हणून सकायीच पाहा लागते."

माय आतून ओरडली, "मास्तर, तुमीच सांगा बावा यायले काही! रोज उजाडलं का तोंडात घालते आन डोळे मिटून बसते. मले वाटलं, गुरू केला का काय."

बापूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. "बियाच्या धानावानी मिठाच्या पाण्यात टाकून पाह्यलं. बुडलं. पोचट नाही. मुंग्यायजवळ ठेवलं. पयल्या दिवशी नाही आल्या, दुसऱ्या दिवशी आल्या. तवा मले शंका आली."

"कसली?"

"का यात गोड हाय. लपून बसलं हाय."

त्यांनी परखीच्या टोकाने वडीचा एक कण काढला, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि माझ्या तळहातावर ठेवला. "जिभेखाली ठेवा. चावू नका. ह्याले दात लावला का भेते, आन भेलं का कडूच बोलते."

मी ठेवला. माझं सगळं आयुष्य त्या कणावर होतं, म्हणून हललोसुद्धा नाही.

"काय लागते?"

"कडू."

"थांबा."

अंगणात माय सडा टाकत होती. कण हळूहळू पाघळला. कडूपणा तसाच होता, पण आता तो घशावर धावून येत नव्हता. भाजलेल्या चिंचोक्यासारखा बसून होता.

"आता?"

"चिंचोका... भाजलेला."

"पुढं?"

पुढे काही येईना. मी डोळे मिटले. आणि नाकात आतून कुठून तरी वाळलेल्या मोहफुलांचा वास आला. जंगलाकडून टोपल्या भरून येतात, त्यांचा. मी खोटं तर बोलत नाही ना, अशी मलाच शंका आली. "मोह," मी घाबरत म्हणालो.

बापूंनी मांडीवर थाप मारली. "मोह! हे बाई म्हणते माह्या डोक्यात भूसा! पुढं पाहा. आता येईन ते पाहा."

आणि सगळ्यात शेवटी, कण संपून गेल्यावर, जिभेच्या मुळाशी ते आलं. थोडंसंच. उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं, दाराशीच उभं राहिलेलं. गोड.

मी डोळे उघडले. बापू माझ्या तोंडाकडे पाहत होते, पोत्यातून दाणा येताना पाहतात तसे.

"आलं," मी म्हणालो.

"आलं ना? मंग त्या दिवशी पयलेच कसं काय म्हणले, खूप गोड हाय?"

मी तोंड उघडलं. बापूंनी परखी वर केली. "राहू द्या. खाल्लंच नव्हतं. वडीले मधात मोडली तवाच समजलं, मास्तर मोडल्या जागेकडं पाहून राहिले का आतून कशी हाय." मग ते थांबले. "त्या तुमसरच्या पोराले मी विचारलं, पेढे कसे हाय? म्हणे उत्तम. खाऊन पाह्यले त आंबलेले. त्यानं माह्यासमोर दोन खाल्ले, आन चेहरा सफाचट! तुमी एक तुकडा खाल्ला त डोळ्यात पानी. ह्या माणसानं पोरीले फसवाचं म्हटलं, त सांजच्याले सापडन." त्यांनी आत हाक मारली, "पोहे आणा वो! पोरीलेच आणू द्या. मास्तरचं तोंड आता जरा पाहण्यासारखं हाय."

उरलेला तुकडा त्यांनी डबीत परत ठेवला. मी तिकडे पाहिलंही नाही. प्रमिला पोहे घेऊन येत होती.

पुढे लग्न झालं आणि आतेभाऊ दर सुट्टीला एक वडी खास बापूंसाठी आणू लागला. ऐंशीच्या दशकातली सगळी वर्षं आमच्या घरात हा एक सणच होता. पहाटे सपरीत बसायचं, बापू, मी आणि प्रमिला. माय बसत नसे. ती म्हणे, कडू गिळायला मी लग्नच केलं की. बापू आधी वर्खाच्या घड्या तपासत, मग वडी मोडतानाचा आवाज ऐकत. मऊ मोडली तर चेहरा पाडत. कण जिभेखाली गेला की बोलायची बंदी. प्रमिलेला एकदा जळलेल्या उसाच्या चिपाडाचा वास लागला, तर बापू दिवसभर तिच्याकडे आदराने पाहत होते. मला मात्र ते दर वेळी विचारत, "खरंच लागलं, का आमी म्हणलो म्हणून?"

प्रत्येक नवी वडी त्यांना आधीच्यापेक्षा हलकी वाटे. "यात कोनीतरी हात मारला." एकदा आतेभावाने दुधाची आणली. जिभेवर ठेवताच गोड. बापूंनी ती तासभर संशयित म्हणून बसवून ठेवली आणि मग कोंबड्यांना टाकली. ती अस्सल होती, महागही होती. आतेभाऊ आजही त्या कोंबड्यांचं नाव काढतो.

आणि एका वर्षी तो आलाच नाही, तेव्हा मी पुन्हा माती खाल्ली. नागपूरहून एक साधी वडी आणली, जुन्या परदेशी वर्खात गुंडाळली आणि बापूंपुढे ठेवली. त्यांनी ती उघडलीही नाही. वर्खावरून बोट फिरवलं. "मास्तर, ह्या पोत्याले दोन शिवणी कायच्या?" मग प्रमिलेकडे वळून, "बाई, तुहा नवरा अजून सुधरला नाही. पण घाबरू नको, अजून सापडून राहिला."

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात ते भंडाऱ्याच्या दवाखान्यात होते. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याने दिलेली वस्तू विचारल्याशिवाय गिळायची वेळ आली होती, पण त्यांनी ती वेळ मानली नाही. नर्सला विचारत, "ह्याच खाटेची गोळी ना?" आणि गोळी चावून पाहत. आतेभावाची नवी वडी आली होती. मी कारध्याचा पूल ओलांडून ती घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, काही हरकत नाही आता. त्या 'आता'चा अर्थ मला कळला. बापूंनाही कळला असावा, कारण त्यांनी नुसता हात पुढे केला. वर्ख तपासला नाही.

मी दाण्याएवढा कण त्यांच्या जिभेखाली ठेवला. त्यांनी डोळे मिटले.

"काय लागते, बापू?"

त्यांनी जीभ टाळूला लावून पाहिली. मग अगदी हळू म्हणाले, "अजून कडूच हाय. थांबा."

मी थांबलो. त्यांना झोप लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. पुढचं आलं की नाही, ते सांगायचं राहिलं.

तेरावं झाल्यावर प्रमिला आणि मी त्यांची आतली खोली आवरत होतो. नमुन्यांच्या पुरचुंड्या एका लाकडी पेटीत असत. पेटी जवळजवळ रिकामी होती. धंदा बंद करताना त्यांनी सगळे सौदे मिटवले होते. तळाशी फक्त ती पत्र्याची डबी होती. उघडली. आत घडी घातलेला कागद, त्यावर हिरव्या पानाचं चित्र. पहिल्या वडीचा. आणि कागदाखाली एक तुकडा. दर उन्हाळ्यात वितळून आणि दर हिवाळ्यात घट्ट होऊन त्याने डबीचाच आकार घेतला होता. वरून पांढुरका झाला होता. हुंगला तर अजून कुठे तरी मोह होता.

मला भरून आलं. प्रमिलेसमोर मी असा सहसा रडत नाही, पण आवाज फुटला. "पाहिलंस? इतकी वर्षं जपून ठेवली त्यांनी. माझी आठवण म्हणून."

प्रमिलेने डोळे पुसले, डबी माझ्या हातातून घेतली आणि झाकण लावलं.

"आठवण कायची? माल जुळला का नमुना कोंबड्यांले टाकत होते बाबा. हा टाकला नाही. तुमचं पाहणं चालूच होतं त्यायचं."